न उसवलेलं पोतं

मेलेली म्हैस ट्रॉलीत चढेना. पाय ताठ झाले होते, पोट फुगलं होतं. फळी तिरपी लावून तिला दोराने ओढलं की अर्ध्यावर यायची आणि घसरून पुन्हा गोठ्याच्या दारात. धाकटा दोराच्या शेवटच्या टोकाला होता. त्याचे तळवे सोलवटले होते, पण पुढच्याला तो जागा बदलून मागत नव्हता.

धाकटा हे त्याचं घरातलं नातं. गावाने तेच त्याचं नाव करून टाकलं होतं. थोरला भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली, याच्या मिशीत पांढरं दिसायला लागलं, तरी हा धाकटाच.

"दुपारी तर चांगली होती म्हणतोस," टेंपोवाला दोर सैल सोडून म्हणाला. गावातलं दूध शहरात नेणारा तो, त्यामुळे प्रत्येकाच्या गोठ्यातलं त्याला ठाऊक असायचं. "मग खायला काय घातलं होतंस?"

धाकट्याने कपाळ पुसलं. बायको गोठ्याच्या कोपऱ्यात रेडकू धरून उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

दुपारी त्याने ज्वारीचा फुटवा कापून आणला होता. पावसाने पेरणीनंतर जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. माळावरची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, पानं सुरळीसारखी वळली. असली करपलेली कोवळी ज्वारी ओली घालायची नसते, हे गावात लहानथोर सगळ्यांना माहीत होतं. बायको म्हणालीही होती, "उन्हात पडू द्या, वाळू द्या, मग घाला." तेव्हा तो म्हणाला होता, "सगळा गाव कापतोय. त्यांची काय मेली?" आणि भारा सोडून गव्हाणीत टाकला होता. दुसरी म्हैस चरायला गेली होती, ही गोठ्यातच उपाशी होती. ती ज्वारीवर तुटून पडली. थोड्या वेळाने तिचे पाय कापायला लागले, मग ती खाली बसली, मग आडवी झाली. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेला होता. माणसं जमायच्या आत धाकट्याने गव्हाणीतला उरलेला हिरवा पाला काढून शेणाखाली दाबला होता.

"काय घातलं होतंस रे?" टेंपोवाल्याने पुन्हा विचारलं.

"कालच नवीन पोतं आणलं भरड्याचं," धाकटा म्हणाला.

हे खरं होतं. पोतं गोठ्याच्या दारामागे उभं होतं. त्याचं तोंड अजून शिवलेलं होतं.

"वहिनीकडून?"

"मग कुठून?"

टेंपोवाल्याने नुसतं "हं" केलं. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी मिळून जोर केला आणि या वेळी म्हैस फळीवरून वर गेली.

भिंतीपलीकडची गिरणी बंद झाली. वहिनी पदराला हात पुसत आली. थोरला गेल्यावर तिने त्याची पिठाची गिरणी मोडून जनावरांच्या भरड्याची केली होती. मका, पेंड, कोंडा, मीठ ती स्वतः निवडायची आणि पोतं स्वतः शिवायची, लाल सुताने, शेवटाला दुहेरी गाठ मारून. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या कायम भरड्याने पिवळट. ती ट्रॉलीजवळ गेली आणि म्हशीच्या कपाळावर हात ठेवला.

"गरीब होती हो भावजी. दावणीत कधी कोणाला शिंग दाखवलं नाही हिने."

माणसं बाजूला सरकली. कोणी काही बोललं नाही. वहिनीला वाटलं, दुःखामुळे.

संध्याकाळी तिने दोघांसाठी डबा पाठवला. धाकटा जेवला. दुसऱ्यांदा वाढून घेतानाही त्याने मान वर केली नाही.

*

दूध केंद्रावर सकाळी किटल्यांची ओळ लागायची. मापाडी माप घालायचा, फॅट बघायचा आणि बोलायचा. तोंड बंद ठेवून त्याला दूध मोजता येत नाही असं बायका म्हणत. ओळीत उभं राहून गावाची सगळी खबर मिळायची आणि घरी नेताना तिच्यावर थोडी साय आलेली असायची.

धाकटा एकाच म्हशीचं दूध घेऊन गेला. ओळीत त्याच्या पुढे न्हावी होता.

"वाईट झालं," न्हावी म्हणाला. "पण बरं झालं तू वेळेवर सांगितलंस. आमच्या गाईचंही दूध तुटलंय. मी म्हणत होतो काय कारण. भरडा तिथलाच."

"माझं वासरू परवापासून रवंथ करत नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

"रंगच बदललाय भरड्याचा. मी म्हटलं होतं घरी."

"बुरशीचा मका स्वस्तात उचलला असेल. बाई एकटी, करणार काय?"

"तुमचं काय म्हणणं, धाकटे?" मापाड्याने विचारलं. केंद्रावर तो सगळ्यांना अहोजाहो करायचा आणि सगळ्यांचं दूध सारखंच कमी भरायचा.

"मी काय म्हणणार," धाकटा म्हणाला. "पोतं नवीन होतं, एवढंच."

"झालं तर!" मापाडी म्हणाला.

दूध सगळ्यांचंच तुटलं होतं. हिरवा चारा नव्हता, पाणी तळाला होतं, जनावरं दिवसभर उन्हात ढेकळं हुंगत फिरत होती. हे धाकट्याला कळत होतं. तरी परत येताना त्याची चाल हलकी झाली. न्हाव्याची गाय, कोणाचं वासरू, कोणाचा बदललेला रंग. इतक्या लोकांना एकाच वेळी भास होईल का? म्हणजे भरड्यात काहीतरी असणार. आपण जे नुसतं तोंड चुकवायला बोललो ते खरंच निघालं असणार. पोतं उघडलं नव्हतं ही गोष्ट त्याला आठवत होती. पण आधीच्या पोत्यातला भरडाही तिथलाच, असं त्याने स्वतःला सांगितलं. घरी येईपर्यंत हे त्याला पटलंही.

"भरडाच होता," तो बायकोला म्हणाला. "सगळे म्हणतायत."

बायको रेडकाला दूध पाजत होती. तिचं बोट रेडकाच्या तोंडात होतं. "सगळे म्हणजे कोण?"

"न्हावी म्हणतो, टेंपोवाला म्हणतो, मापाडी... अख्खी ओळ म्हणते."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"त्यांच्याही जनावरांना त्रास आहे."

"तो पाऊस गेल्यापासूनचा. भरड्याचं कोणी सांगितलं?"

त्याने रिकामी किटली उपडी करून ठेवली.

"तुम्ही एक वाक्य सोडलंत. ते वीस तोंडांतून फिरून तुमच्याच दारात आलं," बायको म्हणाली. "म्हणून ते वीस माणसांचं झालं का? आणि तुम्ही त्यालाच साक्षीदार म्हणून घरात घेताय."

"मी फक्त पोतं आणलं एवढंच म्हणालो."

"हो. मोजून बोललात."

तिने रेडकाच्या तोंडातून बोट काढलं आणि पदराला पुसलं. दारामागच्या पोत्याकडे तिने पाहिलंही नाही. बघायची गरज नव्हती.

*

मग पोती परत यायला लागली. वहिनीच्या दारात येऊन कोणी भांडलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. कोणी भांडलं नाही. ती विहिरीवर गेली की कोणीतरी येऊन पोतं पायरीला टेकवून जायचं. काही अर्धी, काही फोडलेली. एका पोत्यावर कोणीतरी तुटकी चप्पल ठेवली होती. ती तिने उचलून उंबऱ्याजवळ ठेवली, जोडीची चप्पल घेऊन कोणी येईल म्हणून. कोणी आलं नाही.

गिरणीचा आवाज थांबला. भिंतीअलीकडे राहणाऱ्या धाकट्याला त्या आवाजाची इतकी सवय होती की तो थांबल्यावर त्याला रिकाम्या भांड्यांची आदळआपट, बायकोच्या बांगड्या, स्वतःचा खोकला मोठ्याने ऐकू यायला लागला.

वहिनी एका दुपारी आली. दारातच बसली, आत आली नाही.

"भावजी, एक काम होतं."

"बोला ना."

"उद्या मापाड्याने केंद्रावर सगळ्यांना बोलावलंय. माझ्या भरड्याचं काय करायचं ते ठरवणार म्हणे. तुम्ही एवढंच सांगा की तुमच्याकडची दुसरी म्हैस तोच भरडा खाते आणि चांगली आहे. बाकी काही नको."

धाकट्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "वहिनी, एवढ्या माणसांपुढे मी एकटा काय बोलणार? म्हणतील, घरचा आहे म्हणून बोलतो."

"घरचा आहात म्हणूनच विचारते. परक्याला कशाला विचारू?"

"बघतो."

"गिरणी बघायला एक माणूस येणार आहे," ती उठत म्हणाली. "इंजिन, पट्टा, चाळण, सगळं एकत्र नेतो म्हणाला. मी अजून हो म्हटलेलं नाही."

बायको आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली तोपर्यंत वहिनी अंगणाच्या पार गेली होती.

*

केंद्राच्या पत्र्याखाली माणसं दाटीने उभी होती. वहिनी घमेल्यात भरडा घेऊन आली होती. तिने ते मापाड्याच्या टेबलावर ठेवलं.

"हा घ्या. तुम्हाला वाटेल तिथे पाठवून तपासा. खराब निघाला तर मी स्वतः गिरणीला कुलूप लावीन."

मापाड्याने घमेल्यात बोटही घातलं नाही. "तपासायला कशाला पाहिजे? इथे एवढी माणसं सांगतायत. मशीन एक सांगेल, माणसं शंभर सांगतात."

"कोणी काय सांगितलं ते तरी कळू दे. एकेकाने पुढे येऊन माझ्यासमोर बोला."

"एकेकाने कशाला? वेळ जातो." मापाड्याने टाळी वाजवली. "ज्यांच्या जनावरांना ह्या भरड्याने त्रास झाला, त्यांनी हात वर करा."

टेंपोवाल्याचा हात आधी वर गेला. त्याच्या शेजारच्याने टेंपोवाल्याकडे पाहिलं आणि आपला वर केला. न्हाव्याने एका हातातली किटली दुसऱ्या हातात घेतली आणि वर केला. एक म्हातारा होता, त्याच्याकडे जनावरच नव्हतं. त्यानेही केला.

धाकट्याचा हात पहिल्यांत नव्हता आणि शेवटच्यांतही नव्हता. तो मधल्यांत होता, जिथे एक हात दुसऱ्यापासून वेगळा दिसत नाही. वर जाताना त्याला फार जोर लागला नाही. खाली ठेवायला लागला असता.

पण वहिनी हात बघत नव्हती. ती एकट्या त्याच्याकडे बघत होती.

"बघा," मापाडी म्हणाला. "एवढे हात खोटे?"

उद्यापासून त्या भरड्यावरच्या जनावरांचं दूध केंद्र घेणार नाही, असं ठरलं. कोणी विरोध केला नाही. वहिनीने घमेलं उचललं. जाताना ती धाकट्याजवळ थांबली. त्याचा हात अजून वरच होता. बाकीच्यांनी खाली घेतले होते आणि त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"घ्या आता खाली, भावजी," ती हळू म्हणाली. "दुखेल."

*

भरडा बंद झाला आणि गव्हाणी रिकाम्या पडल्या. मग माणसांनी विळे काढले. माळावरची, बांधावरची, उतारावरची, जिथे जिथे करपलेल्या ताटाला खालून फुटवा आला होता तिथली ज्वारी कापली जाऊ लागली. वाळवायला कोणाला धीर नव्हता. जनावरं दावं ओढून हंबरत होती. ज्याने आधी कापली नव्हती तोही शेजाऱ्याचं बघून कापायला लागला. धाकट्याने विळ्याला हात लावला नाही. तो लांबून झाडपाला तोडून आणायचा. लोक विचारायचे, एवढा लांब कशाला जातोस? तो म्हणायचा, पाय मोकळे होतात.

त्याला माहीत होतं. गावात त्याच्याइतकं नक्की कोणालाच माहीत नव्हतं. रोज ओळीत उभा राहून तो ठरवायचा, आज सांगू. आणि पुढचा माणूस मागे वळून काहीतरी बोलला की तो मान हलवायचा.

टेंपोवाल्याच्या दोन्ही गाई एकाच सकाळी केंद्रासमोर पडल्या. पाण्यावर नेताना एक गुडघ्यावर आली, मग दुसरी. तोंडाला फेस, डोळे पांढरे, अंगाला कंप. टेंपोवाला एकीची मान मांडीवर घेऊन रस्त्यात बसला. मोठ्याने सगळ्यांची चेष्टा करणारा माणूस, त्याच्या तोंडातून नुसतं "ए बाई, ए बाई" येत होतं. या वेळी डॉक्टर गावातच होता. त्याने धावत येऊन दोघींच्या शिरेत औषध सोडलं. एक वाचली.

"काय घातलं होतं?" डॉक्टरने विचारलं.

"भरडा नाही हो घातला!" टेंपोवाला रडत म्हणाला. "कधीच बंद केला! नुसता ज्वारीचा फुटवा."

डॉक्टर सिरिंज पुसता पुसता थांबला. "ओला? ह्या दिवसांत? तुम्हाला काय मी सांगायला पाहिजे?"

कोणीच वर बघेना.

"कापणं बंद करा आजच. वाळल्याशिवाय घालू नका," डॉक्टर म्हणाला. "आणि ती आधीची म्हैस गेली, तीही ह्यानेच असणार."

"छे छे," न्हावी म्हणाला. "ती भरड्याने गेली. ते वेगळं."

"हो, ते वेगळं," मापाडी म्हणाला. "धाकट्यांची म्हैस भरड्यानेच गेली. अख्ख्या गावाला माहीत आहे."

सगळे धाकट्याकडे वळले. मेलेल्या गाईपासून तो हातभर अंतरावर उभा होता. तिच्या ओठाच्या कडेला हिरवा लगदा होता. तसाच त्याने आपल्या म्हशीच्या तोंडातून बोटांनी काढला होता.

तो घरी गेला. गोठ्याच्या दारामागचं पोतं त्याने पाठीवर घेतलं. बायकोने विचारलं नाही कुठे. दार मात्र पूर्ण उघडून धरलं. पोतं घेऊन तो भर रस्त्याने परत आला आणि ते त्याने मापाड्याच्या टेबलावर टाकलं.

"मी आणलं ते पोतं हे," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "म्हैस मेली तेव्हा मी आणलेलं पोतं हे. अजून उसवलेलं नाही. मी तिला ओली ज्वारी घातली होती. बायको नको म्हणत होती. उरलेला पाला मी शेणाखाली लपवला. भरड्याचं मीच तुमच्या डोक्यात घातलं."

धाकट्याला वाटलं, आता कोणीतरी मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मापाड्याने पोत्याच्या तोंडावरून हात फिरवला. लाल सूत, दुहेरी गाठ. मग तो हसला.

"धाकटे, भावजयीसाठी जीव तुटतो, समजतं आम्हाला. पण पोतं काय, परत शिवता येतं."

"आणि तुमच्या एकट्याच्या म्हशीवर थोडंच होतं ते?" न्हावी म्हणाला. "माझ्या गाईचं दूध तुटलं ते? त्या वासराचं काय? एवढ्या लोकांनी हात वर केला, ते काय उगाच?"

"माझं ऐकून केला ना!"

"तुझं ऐकून कशाला?" टेंपोवाला मेलेल्या गाईवरची माशी हाकलत म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. "तू तर सगळ्यांचं बघून केलास. मी बघितलं ना तुला."

कोणीतरी धाकट्याच्या खांद्यावर समजुतीने थोपटलं.

*

पोतं पुन्हा पाठीवर घेऊन तो वहिनीच्या दारात आला. गिरणी साफ केलेली होती. पट्टा काढून खुंटीला गुंडाळून टांगला होता. इंजिनावरचं तेलकट पुसून तिने ते बघायला येणाऱ्या माणसासाठी चकचकीत केलं होतं. ती कोपऱ्यात बसून चाळण झटकत होती. केंद्रावरचं बोलणं इथपर्यंत पोचलं असणार. गावात पोचायला काही वेळ लागत नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्यातला भरडा जरा जाड आहे. म्हशीला बारीक करून पाहिजे होता."

हे तो वाटेत ठरवून आला होता. दुसरं काय म्हणायचं ते त्याला सापडलं नव्हतं.

वहिनीने मान वर केली नाही. गर्दीच्या दिवसांत ती आतून जे ओरडायची तेच म्हणाली, पण हळू.

"ओळीने या."

धाकट्याने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. त्याने पोतं उतरवलं आणि ओळीतला पहिला माणूस जिथे थांबायचा तिथे, उन्हात, पायरीखाली उभा राहिला.

वहिनीने चाळण झटकली. कोपरे झाडले. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. रस्त्याने रिकाम्या किटल्या घेऊन माणसं परतायला लागली. त्याला पाहून चालणाऱ्यांची पावलं मंद होत होती.

"काय रे धाकट्या, इथे कशाला उभा?"

"भरड्यासाठी."

"अजून?"

"हो."

तो माणूस पुढे गेला. मागून आलेल्या दोन बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. धाकट्याच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. त्याला घरी पळून जावंसं वाटत होतं. घर भिंतीपलीकडेच होतं. तो गेला नाही.

वहिनी बाहेर आली. तिने त्याच्याकडे, मग त्याच्या मागे पाहिलं, जसं काही मागे आणखी किती आहेत ते बघत होती. मग खुंटीपाशी गेली. पट्ट्याला हात लावून तशीच उभी राहिली. शेवटी तिने तो उतरवला, चाकावर चढवला आणि इंजिनाला हँडल मारलं. पहिल्यांदा सुरू झालं नाही. तो पुढे सरकला तशी ती म्हणाली, "राहू द्या." दुसऱ्यांदा झालं. भिंती थरथरल्या.

तिने कात्रीने लाल सूत कापलं आणि पोतं गिरणीच्या तोंडात ओतलं. खाली रिकामं पोतं लावायचं होतं.

"धरा," ती इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाली.

त्याने एका हाताने पोत्याची कड धरली.

"दोन्ही हात, भावजी."

त्याने दोन्ही लावले. भरडा पडायला लागला. तो गरम होता, आणि झाडपाला तोडून पुन्हा सोलवटलेल्या तळव्यांना झोंबत होता. पोतं भरेपर्यंत त्याला हात काढता येणार नव्हते.